थैली एकाची, संघ पेठेचा

आमच्या तालमीच्या माळ्यावर पत्र्याची एक ट्रंक आहे. तिचे कुलूप केव्हाच गंजून पडले, आता ती सुतळीने बांधून ठेवतात. आत वर्गणीची पावतीपुस्तके आहेत. गेल्या पावसाळ्यात माळा गळू लागला म्हणून ट्रंक खाली काढली आणि मी तास-दीड तास ती पुस्तके चाळत बसलो. स्थळप्रतींवरची निळ्या कार्बनची अक्षरे अजून वाचता येतात. पानपट्टी, रु. 5. सायकल दुकान, रु. 11. शिंपी, 'रोख नाही, चार चड्ड्या शिवून'. पिठाची गिरणी, रु. 2.

गिरणीवाल्या मावशी मला आठवतात. मी तेव्हा शाळेत होतो, खजिनदारांच्या मागे पिशवी धरून फिरायचो. दोन रुपये हातावर ठेवण्याआधी मावशींनी पदराने हाताचे पीठ झटकत विचारले होते, "परवा टायब्रेकरला कुणी घालवली रं म्याच? आन् गोलकीपरला बूट घेतलासा का न्हाई अजून?" खजिनदार वयाने त्यांच्याहून मोठे, पण उभ्या उभ्या उत्तर देत होते. बूट घेतले, कुठल्या दुकानातून, किती रुपयांना, किती उधार राहिले. मावशींनी आयुष्यात कधी स्टेडियममध्ये पाऊल ठेवले नसेल. त्या दोन रुपयांनी त्यांना विचारायचा हक्क मिळाला होता आणि तो कुणी नाकारत नव्हते.

याच पेठेतल्या अलीकडच्या एका बैठकीत एका तरुण कार्यकर्त्याने संघाच्या खर्चाचा विषय काढला. दुसऱ्याने त्याला तिथेच थांबवले. "पैसं त्येनी घातल्यात. हिशेब तुला कशाला पायजे?" पुढे कुणी बोलले नाही. चहा आला, बैठक संपली.

कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये गेल्या दोन-तीन दशकांत जे बदलले ते मला या दोन प्रसंगांत दिसते. पूर्वी पैसा कमी होता, आता बराच आहे, याचे मला दुःख नाही. दुःख हक्क गेल्याचे आहे. एकाच्या पैशावर चालणारा संघ नेमका कुणाचा, या ज्या प्रश्नाशी युरोपातला फुटबॉल पंधरा वर्षे झगडतो आहे, तोच प्रश्न आपल्या शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर येऊन बसला आहे आणि आपण त्याला ओळखलेले नाही.

आपल्या संघांची नावे पाहा. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. फुटबॉलच्या संघाला तालमीचे नाव असणे बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटते. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात पेठापेठांतून तालमी फोफावल्या, 1912 मध्ये खासबागचे मैदान उभे राहिले, आणि लाल माती अंगाला लावणारी पोरेच पुढे चामड्याच्या चेंडूमागे धावू लागली. 1940 साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे आपली केएसए, स्थापन झाली. छत्रपती घराण्याचा आधार या खेळाला आजवर आहे. राजाश्रय म्हणजे काय हे कोल्हापूरला शिकवायला नको. तो संपतो तेव्हा काय होते हेही ठाऊक आहे. 1949 मध्ये संस्थान विलीन झाले आणि दरबारच्या खुराकावर पोसलेल्या मल्लांना पुढची वाट स्वतः शोधावी लागली. कुस्ती तरली, कारण तिच्यामागे गावोगावच्या जत्रा होत्या, इनामासाठी वर्गणी काढणारी गावे होती. फुटबॉलही त्याच बळावर इथवर आला आहे.

आता हंगामाच्या तोंडावरचे चित्र पाहा. खेळाडू नोंदणी जवळ आली की चांगल्या स्ट्रायकरचा फोन लागेनासा होतो. तो कुठल्या हॉटेलात कुणाबरोबर जेवला याच्या बातम्या गल्लीत फिरतात. गोव्याहून, मुंबईहून, बंगालमधून मुले येतात, नायजेरियासारख्या देशांतूनही येतात. मानधनाचे आकडे कानावर पडतात, कागदावर उतरत नाहीत. आणि या सगळ्यामागे बहुधा एखादे नाव असते. कधी उद्योजक, कधी बिल्डर, बऱ्याचदा राजकारणातला माणूस. स्पर्धांनाही हयात नेत्यांची नावे लागली. त्यांतले काही जण मनापासून फुटबॉलवेडे आहेत, काही स्वतः खेळलेले आहेत, आणि त्यांच्या पैशाने मैदाने जिवंत राहिली हे मी मान्य करतो. बाहेरच्या खेळाडूंमुळे खेळाचा वेग आणि ताकद वाढली, हेही खरे. माझी भीती दुसरीच आहे.

पुण्याचे उदाहरण घेऊ. ते आपल्यापासून चार-पाच तासांच्या अंतरावर घडले, तरी आपण त्यातून काही घेतले नाही.

2007 मध्ये अशोक पिरामल समूहाने पुणे एफसी काढला. सहा वर्षांत हा संघ आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. त्यांची मुलांची अकादमी देशात नावाजली गेली. 2014 मध्ये कल्याणी समूहाने भारत एफसी उभा केला. त्याच सुमारास बांधकाम व्यवसायातल्या डीएसके समूहाने शिवाजियन्स हा जुना संघ हाती घेतला आणि थेट लिव्हरपूलशी करार करून अकादमी सुरू केली. आणि 2014 मध्येच इंडियन सुपर लीग सुरू झाली, तेव्हा वाधवान समूहाचा एफसी पुणे सिटी आला. एका शहरात देशपातळीवरचे चार संघ. बालेवाडी स्टेडियमच्या दिव्यांखाली तेव्हा वाटत होते, महाराष्ट्राचा फुटबॉल आता मागे वळून पाहणार नाही.

भारत एफसी एक हंगाम खेळून बंद झाला. पुणे एफसीने 2015 मध्ये गाशा गुंडाळला. डीएसके शिवाजियन्स 2017 मध्ये थांबला आणि पुढच्याच वर्षी त्याचे मालक ठेवीदारांच्या पैशांच्या प्रकरणात तुरुंगात गेले. वाधवान समूह अडचणीत आला आणि 2019 मध्ये एफसी पुणे सिटीही संपला, त्याची जागा हैदराबादच्या संघाला मिळाली. पाच वर्षांच्या आत चारही संघ गेले. त्यांतला एकही मैदानात हरल्यामुळे संपला नाही. कुठे मालकाचा विचार बदलला, कुठे धंदा बसला. प्रेक्षकांना कुणी विचारले नाही, कारण कागदोपत्री प्रेक्षक कुणीच नव्हते. कंपनीच्या ताळेबंदात संघ ही खर्चाची एक ओळ होती, ती खोडली गेली.

मुंबईत याच्या आधी हेच झाले होते. महिंद्रा युनायटेडने 2005-06 ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली आणि 2010 मध्ये कंपनीने संघ बंद केला. गोव्यात खाणींच्या पैशावर वाढलेल्या घराण्यांचे संघ, साळगावकर आणि पाच वेळा देशाचे विजेते ठरलेले धेंपो, गोव्याच्याच स्पोर्टिंग क्लबबरोबर 2016 मध्ये भारतीय फुटबॉल महासंघाच्या नव्या आराखड्याचा निषेध करत आय-लीगमधून बाहेर पडले. इंडियन सुपर लीगमधल्या मुंबई सिटी संघात तर 2019 मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालकांचा समूह 65 टक्के भागीदार म्हणून आला. जगातला इतका श्रीमंत मालक मिळाल्यावर आता चिंता नाही असे वाटत होते. 2025 मध्ये लीगचे हक्कच कुणाकडे राहणार याचा घोळ झाला, आणि वर्ष संपता संपता तो समूहही निघून गेला.

मालक इतके वेगवेगळे, त्यांचे हेतू वेगवेगळे, तरी शेवट सारखाच. म्हणून माणसांची नियत तपासत बसण्यात मला अर्थ वाटत नाही. दोष रचनेत आहे. संघाची मिळकत एक आणि खर्च पाच, मधले चार एका खिशातून येणार, ही ती रचना.

हे नीट समजून घ्यायचे तर पुण्याच्याच एका घराण्याच्या मागे इंग्लंडमध्ये जावे लागते. लँकेशायर परगण्यात ब्लॅकबर्न नावाचे जुने कापडगिरण्यांचे गाव आहे. वस्ती लाख-सव्वा लाख, म्हणजे आपल्या कोल्हापूर शहराच्या पाव हिश्शाएवढी. तिथला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब 1875 चा. इंग्लिश फुटबॉल लीग 1888 मध्ये ज्या बारा क्लबांनी सुरू केली त्यांतला हा एक. 1990 नंतर गावातल्याच जॅक वॉकर या पोलादाच्या व्यापाऱ्याने त्यात अमाप पैसा ओतला, अॅलन शिअररसारखा खेळाडू आणला, आणि 1995 मध्ये या छोट्या गावाने प्रीमियर लीग जिंकली. गावाने वॉकरला डोक्यावर घेतले, आणि ते साहजिकच होते. तो त्यांच्यातला होता. 2000 मध्ये तो वारला. त्याच्या वारसांच्या विश्वस्तनिधीला क्लब कायम पोसणे जमेना आणि त्यांनी गिऱ्हाईक शोधले.

नोव्हेंबर 2010 मध्ये गिऱ्हाईक मिळाले ते पुण्याचे. डॉ. बी. व्ही. राव यांनी 1971 मध्ये सुरू केलेला व्यंकटेश्वरा हॅचरीज समूह, म्हणजे वेंकीज. किंमत 2 कोटी 30 लाख पौंड, त्या वेळच्या दराने दीडशे कोटी रुपयांहून जास्त. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत तेव्हा अभिमानाने बातम्या छापून आल्या होत्या. मलाही अभिमान वाटला होता. महाराष्ट्रातल्या कुक्कुटपालनाच्या पैशाने इंग्रजांचा क्लब घ्यावा, यात काहीतरी हिशेब पुरा झाल्यासारखे वाटत होते.

महिन्याभरात अनुभवी प्रशिक्षक सॅम अॅलरडाइस यांना काढले. दीड वर्षात, मे 2012 मध्ये, क्लब प्रीमियर लीगमधून खाली घसरला. त्या सामन्यात संतापलेल्या प्रेक्षकांनी क्लबच्या रंगाचे कापड गुंडाळलेली एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली. जगाने ते दृश्य हसून पाहिले. मला ते हसण्यासारखे कधी वाटले नाही. ज्यांना सभेत बोलता येत नव्हते, मतदान करता येत नव्हते, मालकाला भेटता येत नव्हते, त्यांनी आपले म्हणणे मांडायचा शोधलेला तो एक केविलवाणा मार्ग होता. आमच्या गिरणीवाल्या मावशींपेक्षा ब्लॅकबर्नचा तिकीट काढून येणारा माणूस दुबळा होता.

पुढे 2014 मध्ये दुसऱ्या श्रेणीच्या लीगने नियमापेक्षा जास्त तोटा केला म्हणून रोव्हर्सवर खेळाडू विकत घेण्याची बंदी घातली. ती जवळपास वर्षभर चालली. 2017 मध्ये क्लब तिसऱ्या श्रेणीत गेला, वर्षभरात परत वर आला. इथे वेंकीजच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. इतरांसारखे ते पळून गेले नाहीत. वर्षानुवर्षे तोटा भरत राहिले, क्लबवरचे मालकाचे कर्ज शंभर दशलक्ष पौंडांपलीकडे गेले. तरीही क्लब सुरक्षित झाला का? भारतात परकीय चलनाच्या कायद्याखाली समूहाची चौकशी सुरू झाली, आणि 2023 पासून ब्लॅकबर्नला पैसे पाठवण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी मागावी लागू लागली. लँकेशायरमधल्या मैदानावर पुढच्या हंगामात कोण खेळणार हे दिल्लीच्या न्यायालयातल्या तारखेवर अवलंबून राहिले. मालक पैसे द्यायला तयार असतानाही ही वेळ आली.

याच धोक्यावर युरोपने नियम काढला. युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, मिशेल प्लातिनी अध्यक्ष असताना 2010 मध्ये आर्थिक शिस्तीचे नियम मंजूर केले. रशियाच्या रोमान अब्रामोविच यांनी 2003 मध्ये चेल्सी घेतला होता, अबुधाबीच्या शेख मन्सूर यांनी 2008 मध्ये मँचेस्टर सिटी. त्यांच्याशी बरोबरी करण्याच्या नादात बाकीचे क्लब कर्जात बुडत होते. 2011 या एका वर्षात युरोपातल्या अव्वल श्रेणीच्या क्लबांचा एकत्रित तोटा 1.7 अब्ज युरोंच्या घरात होता.

नियमाचा गाभा आपल्या घरातल्या आईलाही पटेल असा आहे. तिकिटे, प्रक्षेपण, जाहिराती आणि खेळाडूंची विक्री यांतून जे येते, त्याच्या आसपासच खेळाडूंवर खर्च करायचा. मालकाने ठरावीक मर्यादेपर्यंतच तूट भरायची. पुढे 2022 मध्ये याला नवे रूप दिले, आणि संघाच्या पगारावर व खरेदीवर मिळकतीच्या 70 टक्क्यांहून अधिक खर्च करायचा नाही अशी मर्यादा टप्प्याटप्प्याने आणली.

या नियमात एक पोटकलम आहे. आपल्याकडच्या चर्चेत ते कधी येत नाही, आणि मला तेच सर्वांत मोलाचे वाटते. मैदान बांधायला, मुलांची अकादमी चालवायला, महिलांच्या फुटबॉलला मालकाने कितीही पैसे दिले तरी ते तोट्यात धरत नाहीत. श्रीमंत माणसाला दार बंद नाही. त्याला सांगितले जाते, बाबा रे, असे काही उभे कर की तू गेल्यावरही ते गावात राहील. भाड्याने आणलेला स्ट्रायकर तुझ्याबरोबर निघून जाईल, गवताचे मैदान राहील.

नियमाच्या उणिवाही डोळ्यांआड करता येत नाहीत. ज्यांची मिळकत आधीच मोठी, त्यांना खर्चाची मुभा मोठी. म्हणजे छोट्या क्लबाने वर चढण्याची शिडीच काढून घेतल्यासारखे होते. हा आक्षेप खरा आहे आणि त्याला पुरेसे उत्तर अजून कुणी दिलेले नाही. पळवाटाही निघाल्या. मालकाच्याच ओळखीतल्या कंपनीने क्लबला अव्वाच्या सव्वा जाहिरात द्यायची, म्हणजे मालकाचा पैसा 'मिळकत' म्हणून दाखवता येतो. 2014 मध्ये मँचेस्टर सिटी आणि पॅरिसच्या क्लबला यावरून दंड झाला. चेल्सीने स्वतःची दोन हॉटेले आपल्याच समूहातल्या कंपनीला विकून ताळेबंद सावरला. मँचेस्टर सिटीवर प्रीमियर लीगने फेब्रुवारी 2023 मध्ये शंभराहून अधिक आरोप ठेवले आणि सुनावणी सुरू व्हायलाच दीड वर्ष गेले. त्याच काळात जास्त तोट्यावरून एव्हर्टन या क्लबचे दहा गुण कापले, अपिलात ते सहा झाले, मग आणखी दोन गेले. मोठ्या वकिलांची फौज असलेल्याला तारखा आणि मधल्याला लगेच शिक्षा, असे लोकांना वाटले तर त्यांचे काय चुकले?

तरीही मालकाच्या खिशावर लगाम नसला तर काय होते, हे दाखवणारी उदाहरणे त्याहून जास्त बोलकी आहेत. दागिस्तानच्या अंझी या क्लबला 2011 मध्ये एक अब्जाधीश मालक मिळाला, सॅम्युएल एटोसारखा खेळाडू आला. दोन वर्षांनी मालकाने हात आखडता घेतला, संघ मोडून विकला, 2022 पर्यंत क्लबच संपला. इंग्लंडच्या बरी या क्लबला 2019 मध्ये लीगमधून काढून टाकले, सव्वाशे वर्षांची परंपरा एका ऑगस्टमध्ये संपली. शेवटच्या मालकाने तो अवघ्या एका पौंडाला घेतला होता.

पोर्टस्मथचे मात्र वेगळे झाले. 2008 मध्ये एफए कप जिंकलेला हा क्लब 2010 मध्ये दिवाळखोरीच्या कारभाराखाली गेला, एकामागून एक मालक बदलले, तो चौथ्या श्रेणीपर्यंत घसरला. शेवटी 2013 मध्ये समर्थकांनीच हजार-हजार पौंडांचे भाग काढून क्लब विकत घेतला आणि पायावर उभा केला. जर्मनीत तर नियमच आहे की, मोजके अपवाद सोडले तर क्लबातली निम्म्याहून अधिक मते सभासदांकडेच राहिली पाहिजेत.

हे वाचताना कोल्हापूरच्या माणसाला काही ओळखीचे वाटायला हवे. सभासद, भाग, वार्षिक सभा, एक माणूस एक मत. आपण 1963 मध्ये गोकुळ दूध संघ काढला. साखर कारखाने काढले, पतपेढ्या काढल्या. दहा लिटर दूध घालणाऱ्या बाईला सभेत उभे राहून अध्यक्षाला फॅटचा हिशेब विचारता येतो, हे या जिल्ह्याने देशाला दाखवून दिले. ज्या जिल्ह्यात दुधाचा हिशेब इतक्या चढ्या आवाजात मागितला जातो, तिथे फुटबॉलचा हिशेब मागायला लोक कचरतात, हे मला उमगत नाही. सहकारही नेत्यांच्या हाती कसा जातो हे आपण पाहिले आहे, तेव्हा सहकाराचे नाव घेतल्याने सगळे सुरळीत होईल असे मी म्हणत नाही. पण तिथे निदान अहवाल छापावा लागतो, लेखापरीक्षण होते, ओरडायला वर्षातून एक दिवस मिळतो. तालमीच्या फुटबॉल संघाला तेवढेही नाही.

कोल्हापूरचा धोका युरोपपेक्षा वेगळा आहे, आणि काही बाबतींत जास्त. तिथला मालक क्लब विकत घेतो, म्हणजे कागदावर जबाबदार असतो. आपल्याकडे आश्रयदाता मालक नसतोच. संघ तालमीचा, नाव पेठेचा, देणे कुणाच्याच अंगावर नाही. पैसा रोख येतो आणि रोख जातो. निवडणूक जवळ आली की थैली सैल होते, निकाल लागला की आवळते. नेत्यांमधली ईर्षा संघांमध्ये उतरते, संघांमधली पायऱ्यांवर. सामन्यानंतर दगडफेक झाली, स्पर्धा थांबवावी लागली, असे प्रसंग या शहराने पाहिले आहेत. त्याचे सगळे खापर पैशावर फोडणे बरोबर नाही, पेठांची खुन्नस जुनीच आहे. पण जेव्हा हरणे म्हणजे कुणाची तरी गुंतवणूक बुडणे असते, तेव्हा रेफरीच्या शिट्टीकडे माणूस वेगळ्या नजरेने पाहतो.

सर्वांत मुकाट सोसतात ती पेठेतली पोरे. आपल्याच अनिकेत जाधवने 2017 मध्ये सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताची जर्सी घातली, तेव्हा अख्खे कोल्हापूर टीव्हीसमोर होते. तसा मुलगा घडायला आठ-दहा वर्षे लागतात आणि आश्रयदात्याला चषक याच हंगामात हवा असतो. मग मधल्या फळीत आणि पुढच्या फळीत बाहेरचे तयार खेळाडू येतात आणि सतरा-अठरा वर्षांचा पेठेतला मुलगा राखीव बाकावर बसून पाण्याच्या बाटल्या भरतो. गांधी मैदानावर सकाळी सहाला सराव करणारी ही मुले मी रोज पाहतो. पावसाळ्यात तिथे पाणी साठते, तेव्हा ती रस्त्याच्या कडेला धावतात. एका बाहेरच्या खेळाडूच्या हंगामाच्या मानधनात या मुलांना किती चेंडू, किती बूट आले असते, हा हिशेब कुठल्याच बैठकीत होत नाही.

केएसएने बाहेरच्या आणि परदेशी खेळाडूंच्या संख्येवर वेळोवेळी मर्यादा घातल्या, हे चांगलेच केले. पण डोकी मोजून पैसा मोजला जात नाही. दोनच परदेशी घ्यायचे म्हटले तर त्या दोघांचा भाव वाढतो. आता पैशाकडे वळायला हवे, आणि आकडे हाताबाहेर जाण्याआधी वळायला हवे. वरिष्ठ गटात सोळा संघ आहेत. सोळा संघांचे हिशेब तपासणे म्हणजे प्रीमियर लीगचे आरोपपत्र नव्हे. सनदी लेखापालांची या शहरात वाण नाही, आणि त्यांतले निम्मे तरी कुठल्या ना कुठल्या तालमीचे समर्थक आहेत.

माझी सूचना साधी आहे. खेळाडू नोंदणीआधी प्रत्येक संघाने मागच्या हंगामाचा एक पानी जमाखर्च केएसएकडे द्यावा आणि तो स्टेडियमच्या दारावर लावावा. एका व्यक्तीचा किंवा तिच्या कंपन्यांचा पैसा संघाच्या हंगामी खर्चाच्या निम्म्याहून जास्त नसावा. त्यावर द्यायचे असेल तर जरूर द्यावे, पण ते मैदान, मुलांचे प्रशिक्षण, मुलींचे संघ, जखमी खेळाडूंचे औषधपाणी यांसाठीच घ्यावे. बाहेरच्या खेळाडूंचे मानधन एकूण खर्चाच्या किती हिश्शापर्यंत चालेल, हे संघांनी एकत्र बसून ठरवावे. मी एक तृतीयांश म्हणेन, कुणी निम्मे म्हणेल. आकड्यावर वाद होऊ दे, आकडा असू दे.

"मग टेबलाखालून देतील," असे मला एका जुन्या खेळाडूने सांगितले. देतील. काही जण नक्की देतील. पण आज टेबलावरून देतात आणि कुणी विचारत नाही. कोल्हापुरात कोण कुणाला किती देतो हे चहाच्या गाड्यावर चार दिवसांत कळते. दारावर लावलेल्या कागदावरचा आकडा आणि गाड्यावरचा आकडा यांतली तफावत लोकांना दिसू लागेल, आणि मग त्यावर बोलायला आधार मिळेल.

आणखी एक गोष्ट मी आग्रहाने मागेन. ज्या खेळाडूंना मानधन कबूल केले आहे त्यांची निदान निम्मी रक्कम हंगामाआधी केएसएकडे अनामत म्हणून जमा व्हावी. आश्रयदाता बदलला, रुसला, निवडणूक हरला, तरी तिथून खेळाडूचे पैसे चुकते व्हावेत.

काही वर्षांपूर्वी एप्रिलमधल्या एका रात्री मी मध्यवर्ती बसस्थानकावर मुंबईच्या गाडीची वाट पाहत होतो. बाकावर एक परदेशी खेळाडू बसला होता. आदल्या महिन्यात त्याने मारलेल्या गोलवर पायऱ्या दणाणून गेल्या होत्या, पोरांनी त्याला खांद्यावर घेतले होते. आज त्याच्याजवळ एक पिशवी होती, तिच्या बाहेरच्या कप्प्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले बूट. मी ओळख दाखवली तेव्हा तो हसला, मोडक्या हिंदीत बोलला. त्याच्या संघाच्या पाठीराख्याने मधेच अंग काढून घेतले होते. भाड्याची खोली सोडावी लागली होती, तीन महिन्यांचे पैसे येणे होते. मी विचारले, कुणाकडून येणे आहेत? त्याने फोनमध्ये एक नंबर दाखवला. तो नंबर बंद होता. दुसऱ्या दिवशी मी त्या संघाच्या खजिनदारांना फोन केला. ते सज्जन गृहस्थ, त्यांना मनापासून वाईट वाटले. त्यांनी त्यांची वही काढली, फोनवरच मला वाचून दाखवली. तिच्यात त्या मुलाचे नाव कुठेच नव्हते.